खोलीचं वॉलेट

रहाटणी
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

समाधान,

वर सलाम लिहावा की जय भीम, यात पाच मिनिटं गेली. चिठ्ठीत आपण दोन्ही लिहीत नव्हतो, थेट पाण्यावर यायचो. ‘टाकी अर्धी. आंघोळ जपून.’ तसंच सुरू करतो.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. नवाबचाचांच्या फोनवरून लावला, तर आवाज ओळखून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र, तू आता बहिणीकडे राहतोस तिथे, अंजलीताईंच्या आकुर्डीच्या पत्त्यावर टाकतोय. पत्ता आपल्या डबेवाल्या कस्तुरामावशींनी दिला. डब्याच्या पिशवीच्या कागदावर लिहून दिला आणि म्हणाल्या, “मी दिला म्हणून सांगू नको.” सांगितलं.

आपल्याला लिहायची सवय आहेच. महाळुंग्यात दोन वर्षं एका कॉटवर काढली. तू दुसऱ्या पाळीला, मी रात्रपाळीला. भाडं निम्मं पडावं म्हणून दोघांनीही कधी पाळी बदलून घेतली नाही. जागेपणी निवांत भेट फक्त गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी. बाकी सगळा कारभार उशीखालच्या चिठ्ठ्यांवर, कंपनीत नापास मालाला लावतात त्या रिजेक्शनच्या लाल टॅगच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या. ‘ढेकूण नाहीत. मीच खाजवतोय.’ ही तुझी एक माझ्याकडे अजून आहे.

सकाळी मी यायचो तेव्हा तुझा डावा पाय कॉटबाहेर लोंबत असायचा. गाढ झोप लागली की तो सुटायचाच. मी अंगठा ओढला की तू डोळे न उघडता खालच्या चटईवर उतरायचास. तुझ्या चेहऱ्यापेक्षा तो पाय माझ्या जास्त ओळखीचा आहे.

मावशींकडून कळलं ते असं. खोलीचं वॉलेट पोलिसांनी गोठवलं. त्याच्या मागोमाग तुझं पगाराचं खातंही. त्यात कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे आले म्हणे. चार वर्षं कंत्राटावर काढल्यावर आता चौदा फेब्रुवारीला तुझी कायम करण्याची मुलाखत आहे, आणि ‘माझा यात संबंध नाही’ असा पोलिसांचा काहीतरी कागद आणलास तरच तिला अर्थ आहे. नाहीतर कंत्राटही पुढे वाढणार नाही.

वाईट वाटलं. मला यातलं काही माहीत नाही. मी डिसेंबरातच चाचांच्या गॅरेजला मदत पाहिजे म्हणून खोली सोडली, ते तुला माहीत आहे.

पण एक सांगतो. वॉलेट ही तुझीच कल्पना. जुना फोन, तुझ्या नावाचं सिम, तिघांनी दहा तारखेला डब्याचे पैसे टाकायचे आणि जो जागा असेल त्याने मावशींना द्यायचे. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून तो खोलीतच, चार्जरला बांधलेला. पिन तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलास. मी म्हणालो होतो, लपव जरा. तू म्हणालास, “खोलीत चोर असला तर लपवून उपयोग काय, आणि नसला तर लपवायचं कशाला?”

खोलीत तिघंच होतो. भैरू फोनवर रमी खेळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी कुणाचं नाव घेत नाही.

माझं बरं चाललंय. आकुर्डीच्या मोठ्या कंपनीत ट्रेनी म्हणून निवड झाली. सतरा फेब्रुवारीला रुजू व्हायचं. फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी आहे, अर्ज टाकलाय. अब्बांना शिरूर कासारला फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, “कॅन्टीन आहे का?” तीन वेळा विचारलं.

उमर


रहाटणी
गुरुवार, ३० जानेवारी

समाधान,

तुझं उत्तर आलं नाही, भैरू आला. म्हणजे पत्र पोचलं.

दुपारी मी एका स्कूटरचा क्लच उघडून बसलो होतो. वर बघतो तर हा उभा, हातात हेल्मेट. म्हणाला, “काय राव, दोन वरसं एका खोलीत घोरलो, आन तू माझंच नाव घालतोस व्हय?”

मी म्हणालो, “नाव घातलं नाही. रमी खेळतोस एवढंच लिहिलं.”

“मग ते काय देवाचं नाव हाय?”

चाचा आतून बाहेर आले. त्यांना वाटलं गिऱ्हाईक. “भाऊ, गाडीला काय झालंय?”

“गाडी झकास हाय चाचा. ह्यो माणूस नादुरुस्त हाय.”

चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा आत गेले. भैरू तिथेच टायरवर बसला. त्याने जे सांगितलं ते तुलाही सांगितलं असेल. तो रमी स्वतःच्या पैशाने खेळतो. हरला तर त्या आठवड्यात बाहेरचा चहा बंद. “आमी डोंगरातली माणसं. डब्याच्या पैशाला हात लावत न्हाई. भाकरीच्या पैशाला हात लावला तं हात ऱ्हात न्हाई, आसं आमची आजी म्हनायची.” मग म्हणाला की तू त्याला काहीच बोलला नाहीस, फक्त माझं पत्र वाचायला दिलंस. ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

जाताना त्याने विचारलं, “उमर, तू काय खेळायचा रं? संध्याकाळी त्या खोलीच्या फोनात डोकं घालून बसायचा, ते काय व्हतं?”

मी म्हणालो, व्हिडिओ.

व्हिडिओ नव्हता. ऑनलाइन कसिनो होता. एक बाई टेबलामागे उभी राहून पत्ते टाकते, अंदर-बाहर, आणि दुसरा एक विमानाचा गेम. विमान वर जातं, ते गायब व्हायच्या आत पैसे काढून घ्यायचे. लाइनवर एकाने दाखवला. मी माझ्या वॉलेटमधून खेळत होतो. माझं केवायसी अर्धवट, म्हणून महिन्याला ठराविक रकमेच्या पुढे वॉलेट चालत नाही. ती संपली की दोन-तीन वेळा खोलीचं वापरलं. पैसे परत टाकले. डब्याला कधी कमी पडलं नाही, हे मावशींना विचार.

दोन-तीन वेळाच. त्याने असं काही होत नसतं. पोलिसांची काहीतरी गफलत झाली असेल, तू भेटून नीट समजावून सांग.

भैरूला कळव की मी तसं म्हणालो नव्हतो.

उमर


रहाटणी
शनिवार, १ फेब्रुवारी

समाधान,

मागच्या पत्रातलं ‘दोन-तीन वेळा’ खोड आणि तिथे ‘एकतीस’ असं वाच.

उमर


रहाटणी
गुरुवार, ६ फेब्रुवारी

समाधान,

एकतीस हा आकडा माझ्या वहीतला आहे. मी लिहून ठेवायचो, प्रॉडक्शनचं लिहितो तसं. तारीख, भरले, गेले. ‘आले’चा रकाना जवळपास रिकामा.

पैसे कसे भरायचे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ‘पैसे भरा’वर दाबलं की एक क्यूआर येतो. प्रत्येक वेळी वेगळा. एकदा किराणा दुकानाचं नाव, एकदा ब्यूटी पार्लर, एकदा कुठल्या तरी दूध डेअरीचं. मला वाटायचं, ही सगळी कसिनोची माणसं असतील. वॉलेटमधून पैसे गेले की आपल्याला पैसे गेल्यासारखे वाटत नाहीत, हे त्याचं वैशिष्ट्य आहे. नोट मोडताना हात थांबतो. इथे अंगठा थांबत नाही.

नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला, गुरुवार असून तू ओव्हरटाइमला गेला होतास, विमान माझ्यासाठी थांबलं. साडेअठरा हजार. आयुष्यात पहिल्यांदा ‘काढून घ्या’ हे बटण दाबलं. त्यांनी विचारलं, कुठे पाठवू? माझ्या वॉलेटची मर्यादा संपलेली. मी खोलीच्या वॉलेटचा क्यूआर टाकला, तुझ्या नावाचा, तोच जो मावशींच्या डब्यासाठी आहे.

वीस मिनिटांत तीन हप्त्यांत पैसे आले. तिन्ही वेळा एकच नाव : प्रभावती, आणि पुढे आडनावाचं पहिलं अक्षर. मी समजलो, ही त्यांची कॅशियर. मनात म्हणालोही, थँक्यू प्रभावतीबाई.

त्या पैशातून मी मावशींना तिघांचे पुढचे दोन महिन्यांचे पैसे देऊन टाकले. तुम्हा दोघांना सांगितलं, बोनस मिळाला. तू विचारलंस, “तुझा कंत्राटदार आणि बोनस? आजारी आहे का तो?” मी हसलो. त्या गुरुवारी मावशींनी अंड्याचं कालवण पाठवलं होतं. तू दोनदा घेतलंस. हे लिहायची गरज नव्हती, पण वहीत आहे म्हणून लिहिलं.

प्रभावतीबाई कॅशियर नव्हत्या. त्यांना फोन आला होता की बिल थकलंय, आज संध्याकाळी वीज तोडणार, या क्रमांकावर पैसे टाका. त्यांनी टाकले. कसिनोने मला स्वतःच्या गल्ल्यातून काहीच दिलं नाही. एका हाताने मला सांगितलं पैसे पाठवतोय, आणि दुसऱ्या हाताने त्या बाईंना सांगितलं इथे भर. मी ज्या किराणा दुकानांना, पार्लरना पैसे भरत होतो, तीही बहुतेक अशीच कुणीतरी असतील. त्या बाईंच्या फोनवर त्या संध्याकाळी नाव उमटलं ते समाधान पाईकराव.

एवढं हरलो तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. जिंकलो एकदाच, आणि ते तुझ्या नावावर.

हे मला कसं माहीत, असं तू विचारशील. तेच लिहायचं आहे, त्यासाठी हे तीन कागद झाले.

दोन डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी सहा-सव्वासहा. तू ड्यूटीवर, भैरू गावाला. खोलीचा फोन वाजला. मी उचलला. सायबर पोलीस ठाण्यातून बोलतोय म्हणाले. समाधान पाईकराव आहेत का? मी म्हणालो, कामावर आहेत. त्यांनी प्रभावतीबाईंचं सगळं सांगितलं, शांतपणे, बँकवाल्यासारखं. म्हणाले, त्यांना सांगा, आठ दिवसांत येऊन स्वतः खुलासा द्या. आले तर बरं. नाहीतर आम्हाला त्यांच्या कंपनीत यावं लागेल.

मी म्हणालो, सांगतो.

फोन ठेवला. लाल टॅग घेतला. पेन घेतलं. टॅगवर लिहिलं : ‘गॅस सिलिंडर उद्या येणार. पैसे कपाटावर.’ तो उशीखाली ठेवला आणि कामाला गेलो.

दोन वर्षांत मी तुला पाण्याची, सिलिंडरची, मावशींच्या सुट्टीची, तुझ्या आईच्या फोनची, प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी ठेवली. एवढी एकच ठेवली नाही. रोज संध्याकाळी वाटायचं, आज ठेवू. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता ठेवली तर तू विचारशील तीन दिवस काय केलंस. आठव्या दिवशी मी गादी गुंडाळली आणि तुला लिहिलं की चाचांना माणूस पाहिजे. चाचांना माणूस नको होता. मीच त्यांच्या दारात जाऊन बसलो.

दहाव्या दिवशी पोलीस कंपनीच्या गेटवर आले. सिक्युरिटीने तुला चालू लाइनवरून बोलावून नेलं. भैरू म्हणाला, तुझे हातमोजेही हातातच होते. त्या आठ दिवसांत तू स्वतः गेला असतास, तर कंपनीला कळलंही नसतं. कागद मागायची वेळ आली नसती.

आता हिशेब साधा आहे. हे सगळं मी पोलिसांना जाऊन सांगितलं तर तुला तुझा कागद मिळेल. पण माझं व्हेरिफिकेशन त्याच शहराच्या पोलिसांकडे आहे, ते अडकेल. मी गप्प बसलो, तर सतरा तारखेला मी आकुर्डीच्या कॅन्टीनमध्ये जेवेन आणि तू गावाकडे, हिंगोलीच्या गाडीत असशील.

अजून गेलेलो नाही. हे पत्र तू पोलिसांना दाखवू शकतोस. खाली पूर्ण नाव लिहून सही करतोय, ती त्यासाठी.

उमर दस्तगीर आतार


आकुर्डी
गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ

समाधान,

हे तुमच्या घरातूनच लिहितोय. अंजलीताईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. तू आतल्या खोलीत आहेस. ताई म्हणाल्या, “रात्री एकला आलाय, झोपलाय. उठवू का?” मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, “तुमचं दोघांचं असंच. एक जागा असला की दुसरा आडवा.” चहा दिला. साखर कमी होती. मुद्दाम असावी.

तू माझं पत्र पोलिसांना दाखवलं नाहीस. मी मंगळवारी तिथे गेलो तेव्हा त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तू ते नुसतं घेऊन बसलास. का, ते तुझं तुला माहीत.

जबाब एका बाईंनी लिहून घेतला. मोठमोठ्याने वाचत टाइप करत होत्या, त्यामुळे बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेला. माझी वही घेतली. माझा फोन घेतला. एकतीस नोंदींपैकी प्रत्येकीवर मला सही करायला लावली. मग विचारलं, “डिसेंबरात फोन कुणी उचलला?”

“मी.”

“निरोप दिलास?”

“नाही.”

त्यांनी तेही टाइप केलं. त्यात काही जास्त वेळ लागला नाही.

“सध्या काय करतोस?”

“गॅरेजला आहे. सतराला आकुर्डीला रुजू व्हायचं होतं. व्हेरिफिकेशनचा अर्ज तुमच्याकडेच आहे.”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढली. “मग आठवडाभर थांबला असतास. सतराला कामावर लागून आला असतास.”

मी म्हणालो, “चौदाला त्याची मुलाखत आहे.”

त्यांनी प्रिंट काढला.

काल सकाळी आकुर्डीच्या त्या कंपनीतून चाचांच्या फोनवर फोन आला. अर्जावर शेरा पडलाय, सध्या रुजू होऊ नका. ‘सध्या’ हा शब्द त्यांनी चांगुलपणाने वापरला. अब्बांना अजून सांगितलं नाही. कॅन्टीनचं काय सांगू, हा प्रश्न आहे. साडेअठरा हजार चाचांकडून उचल घेऊन भरले. पावती पोलिसांकडे आहे. चाचा म्हणाले, “आता खरंच मला माणूस मिळाला, बिनपगारी.” प्रभावतीबाईंचा पत्ता मागितला, तो पोलिसांनी दिला नाही. बरोबर आहे.

सोबत दोन कागद आहेत. एक जबाबाची शिक्का मारलेली प्रत. दुसरं पोलिसांचं पत्र, की वॉलेट तुझ्या नावाचं असलं तरी ते व्यवहार दुसऱ्या माणसाने तुझ्या नकळत केल्याचं कबूल केलंय. खातं मोकळं व्हायला अजून वेळ लागेल, बँकेला वेगळं पत्र जातं. उद्याच्या मुलाखतीला हे दोन कागद पुरतात की नाही, ते तुझी कंपनी ठरवेल. मी विचारलं, तिथे कुणालाच सांगता आलं नाही.

भैरूला भेटून आलो. तो म्हणाला, “आता माझं नाव धू आदी.” मी मावशींच्या खानावळीत, जेवणाच्या वेळेला, सगळ्यांसमोर सांगितलं. मावशींनी ताट वाढलं, पण अंडं वाढलं नाही.

तुझा लाल टॅग, ढेकणांचा, सोबत ठेवतोय. माझ्याकडे ठेवावा असं वाटत नाही.

आता चहा संपला. हे पाकीट तुझ्या उशीखाली ठेवायला मी दारापर्यंत जाऊन आलो. ताई इथे डाळ निवडतायत, त्यांना काही दिसलं नाही. मला दिसलं. गाढ झोपतोस तेव्हा तुझा डावा पाय कॉटबाहेर असतो. आज दोन्ही पाय चादरीच्या आत आहेत, जुळवून.

पडून राहा. मी अंगठा ओढणार नाही. पाकीट उशीच्या कडेला सरकवतो आणि जातो. सव्वादहाची बस आहे. स्टॉप तुमच्या खिडकीतून दिसतो, मी तिथे उभा असेन.

उमर